मास्तरांचा मोठा साचा

मास्तरांच्या पावाच्या साच्यावर माझा पाय पडला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पायापाठोपाठ मीही पडलो. तळमजल्याच्या पायरीवर त्यांनी तो धुऊन उन्हात वाळत ठेवला होता आणि मी पेपर वाचत जिना उतरत होतो. माझं वजन आणि तो पत्रा, सामना एकतर्फीच झाला. लांबट चौकोनी साच्याची पार होडी झाली.

मास्तर म्हणजे आमच्या इमारतीतले लेडीज टेलर. बायको गेली, मुलगी लग्न होऊन दूरदेशी गेली, डोळे अधू झाले आणि शिलाई मशीनवर चादर पडली. राहिला तो ओव्हन. दर रविवारी मास्तर गाजर-अक्रोडाचा पाव भाजायचे. यीस्ट नाही, तिंबणं नाही. किसलेलं गाजर, दालचिनी, जायफळ, मूठभर अक्रोड आणि सोडा पडला की एकच घाई. "सोडा आणि गिऱ्हाईक, दोघांनाही धीर नसतो," म्हणायचे. पाव आतून झाला की नाही, ते बायकोच्या विणायच्या सुईनं टोचून बघायचे.

दुपारी मग एकेक दार वाजे. हातात कागदात गुंडाळलेले काप. "उरलाय हो. एकट्याच्यानं संपत नाही, वाया जाईल." त्यावर गाजराचा भाव, वरच्या नर्सबाईंची पाठदुखी, आमच्या नातीचे पडलेले दात. आत या म्हटलं, तर "नको, गडबडीत आहे," म्हणून आणखी अर्धा तास दारातच उभे. आठवड्याभरात त्यांचं कुणाशी बोलणं व्हायचं ते एवढंच. एरवी त्यांच्या खोलीत फक्त रेडिओ बोले.

"लागलं का?" त्यांनी मला विचारलं आणि साच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी नवा साचा नेऊन दिला. छोटासा, आटोपशीर, एका माणसाच्या बेताचा. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश!

"गोंडस आहे," मास्तर म्हणाले.

रविवारी दालचिनीचा वास जिना चढून वर आला. मास्तर आले नाहीत. पुढच्या रविवारीही तेच. नर्सबाई उगाचच जिन्यात रेंगाळल्या. आमची ही म्हणाली, "रागावलेत ते. अहो, रस्त्यातली वस्तू तुडवल्याशिवाय तुम्हाला चालताच येत नाही का? जा, माफी मागून या."

गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर बशीत नुसता चुरा. मास्तर खिडकीशी बसून, जुना साचा मांडीवर घेऊन, कात्रीच्या मुठीनं त्याचे पोचे काढत होते. ठोकायचे, उजेडात धरायचे, पुन्हा ठोकायचे. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मास्तर, रागावलात?"

"छे हो! बसा. पण द्यायला काही नाही. हल्ली सगळा संपतो," जुनं दुखणं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"मग हा पत्रा कशाला बडवताय? नवा दिलाय ना मी! एकट्या माणसाला एवढा मोठा साचा हवाय कशाला?"

मास्तरांनी मान वर न करता आणखी एक ठोका दिला.

"उरायला."