चाचांच्या फिडलवरचे चार ओरखडे

सूर चुकला की गजवाले चाचा रागवायचे नाहीत. भाकरीत खडा लागल्यासारखा त्यांचा जबडा मध्येच थांबायचा, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच ते म्हणायचे, "फिरसे." मानवत गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एका नाटक कंपनीबरोबर फिडल वाजवत आले, कंपनी इथंच मोडली, आणि हातातल्या फिडलच्या गजामुळं गावानं त्यांना हे नाव दिलं. वडिलांना नाटकांचं वेड, म्हणून आमच्या आडतीच्या माडीवर शिकवणी लागली. खाली कापसाचे सौदे, वर आम्ही दोघी: मी आणि चाचांनी सांभाळलेली त्यांची पोरकी पुतणी रझिया. फिडल एकच, चाचांचं.

मांडी घालायची, फिडलचं डोकं घोट्यावर टेकवायचं आणि गज हलकेच तारांवर सोडायचा. कितीतरी महिने नुसता षड्ज. मी गज खसाखसा ओढायची. मग ते खिडकीकडं बोट करायचे. "ती बैलगाडी ऐक. आधी घुंगरं येतात, मग चाकं, मग धूळ. सूर असा यावा. तुझा तर एकदम अंगावरच यायलाय!" रझिया ओढणीत तोंड लपवून हसायची.

गळ्यातून न निघालेली जागा ते बोटांना वाजवू देत नसत. "गळ्यालाच ठावं न्हाई, ते बोटाला काय सांगतीस, पोरी?" मला गायची लाज, खाली गिऱ्हाईक बसलेलं. रझियाला कसली लाज! जिनिंगचा भोंगा झाला की ती त्यात आवाज मिसळायची आणि वर सांगायची, "आज भोंगा उतरा हाय, चाचा." चाचा गालात हसायचे. त्या हसण्याचा मला हेवा वाटे.

नव्या हातासाठी ते फिडलच्या पट्टीवर, तारांखाली, चार ठिकाणी दोरा बांधत. दोऱ्यावर बोट ठेवलं की सूर सापडे. आमचा भूप राग पुरा झाला त्या दिवशी त्यांनी दोरे तोडून टाकले. मी पट्टीकडं बघत राहिले तसे म्हणाले, "डोळे कशाला लावायलीस तिथं? सूर काय तिथं ठिवलाय?" रझियाचीही बोटं चुकत, पण चुकलेल्या जागेवरून ती घसरत नेमक्या सुरावर जायची. मला तर चुकलं हेच कळत नसे.

पुढं चाचांचे हात थरथरू लागले. रझियाला घेऊन हैदराबादेत बहिणीकडं जाऊन राहायचं ठरलं. वाजवणं तर संपलंच होतं; फिडल कुणाला द्यायचं हा प्रश्न होता. त्यांनी आडतीवरच्या मंडळींसमोर सांगितलं, "जी दोऱ्याबिगर सगळा भूप सुरात वाजवंल, फिडल तिचं. घरची, बाहेरची, काय न्हाई."

परीक्षेच्या आदल्या दुपारी चाचा नमाजाला गेले होते, रझिया पाण्याला. पोती शिवायच्या दाभणानं मी पट्टीवर, दोऱ्यांच्या वळांवरच, चार बारीक ओरखडे काढले. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

परीक्षेत रझियाचा गंधार एकदा घसरला; तिनं तो तिथल्या तिथं सावरला. माझा एकही सूर ढळला नाही. मंडळी वाहवा म्हणाली. चाचांनी डोळे उघडले, फिडल घेतलं आणि फडक्यानं पुसू लागले. त्यांचं बोट तारांखालून गेलं आणि थांबलं. जबडाही थांबला. मी खाली मान घातली. एका शब्दानं ते माझी अब्रू वडिलांसमोर घालवू शकले असते.

"ठरलं ते ठरलं," एवढंच म्हणाले, आणि फिडल माझ्या मांडीवर ठेवलं.

निघायच्या सकाळी "जरा जुळवून देतो" म्हणून ते एकटेच माडीवर बसले होते. मग टांगा आला. रझिया टांग्यातून वाकून म्हणाली, "तू लय साफ वाजवलंस गं. मला न्हाई जमत एवढं साफ." तिला काही माहीत नव्हतं. मी तिला हात केला.

दुसऱ्या दिवशी ओरखड्यांवर बोटं ठेवली, तर सगळे सूर उतरलेले. खुंट्या पिळून पिळून थकले. कितीतरी दिवसांनी लक्षात आलं: तारांना उचलून धरणारी ती लाकडी घोडी जुन्या डागापासून अर्धं बोट, फिडलच्या डोक्यापासून दूर, सरकली होती. आपोआप सरकायची ती वस्तू नव्हे. तारांची लांबी वाढली होती. माझे चारही ओरखडे खोटे पडले होते. आता एकच वाट उरली, आधी गायचं आणि मग कानानं जागा शोधायची. खाली गिऱ्हाईक असताना मी मोठ्यानं गायले. रडत गायले. माझं खरं शिकणं तिथून सुरू झालं.

पुढं हैदराबादचं राज्य बुडालं. चाचांचा, रझियाचा ठावठिकाणा लागला नाही, असं मी सांगत आले. खरं म्हणजे मी शोधलंच नाही. सापडले असते तर फिडल परत द्यावं लागलं असतं.

घोडी मी अजून जुन्या जागी सरकवलेली नाही. शिकायला येणाऱ्या मुली ओरखड्यांबद्दल विचारतात, तेव्हा "जुनं वाद्य आहे" म्हणून मी वेळ मारून नेत असे. परवा पालमकडच्या एका मुलीनं विचारलं, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं फिडल मांडीवरून जरा दूर धरलं.

"म्हंजी हे रझियाचं हाय की, बाई."

"व्हय, तिचंच," मी म्हणाले. "डोळे मीट. आधी गाऊन दाखव."