भंगारातला महासंगणक

माझी मैत्रीण आणि मी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. मोटारसायकलच्या इंजिनावरच्या पात्यांमधून उष्णता बाहेर कशी पडते, हा तिच्या पीएचडीचा विषय. गणित एवढं अवाढव्य की साध्या कॉम्प्युटरला पेलवेना. पुण्यातल्या महासंगणकावर नंबर लागेना, आणि मुदत तर संपत आलेली.

"जाऊ दे, सोडून देते," ती एक दिवस म्हणाली. मला रागच आला. म्हटलं, महासंगणक म्हणजे तरी काय? एकाच कामाला जुंपलेले पुष्कळ कॉम्प्युटर. आपणच जुंपू.

लॅबमधली थोडी नवी मशीनं घेतली, भंगारात काढलेली जुनी घेतली, वायरींनी जोडली आणि काम सगळ्यांना सारखं वाटून दिलं. तर नुसत्या नव्या मशीनांना लागायचा त्याहून जास्त वेळ लागला! मी वायरी बदलल्या, सेटिंग बदलल्या, मैत्रिणीवर उगाच खेकसले.

रविवारी चिकलठाण्याला तिच्या सासरी पुतणीचं बारसं होतं. पंगतीत आमची ताटं केव्हाच रिकामी झाली, पण उठणार कोण? टोकाला तिचे सासरे बसलेले. तोंडात दात नाही, पोळी वरणात कुस्करून निवांत चाललेलं. त्यांचं झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आमचे हात वाळले.

वाढायला असलेली मैत्रीण सासऱ्यांकडं बघत जावेला म्हणाली, "ताई, मामांना निम्मंच वाढायचं असतंय. म्हंजे समद्यांचं संगंच उरकतंय."

आणि पळी हातात तशीच धरून ती माझ्याकडं बघायला लागली. मी हसत सुटले. आमच्या गणितातही दर टप्प्याला सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं, आणि आम्ही म्हाताऱ्या मशीनांना तरण्यांएवढंच वाढून ठेवलेलं.

सोमवारी ज्याच्या-त्याच्या ताकदीप्रमाणं काम वाटलं. दुपारी पडद्यावर उष्णतेचं लाल-पिवळं चित्र उमटलं. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिनं खुर्ची पुढं ओढली आणि बोटानं दाखवायला लागली. "हे बघ, हितून उष्णता निघून जाती. हितं अडकती. मला वाटतच होतं गं! आता पातं थोडं वाकडं करून बघू. मग अजून पातळ."

चहा गार झाला, तिचा तास बुडाला. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता, म्हणून मी तिला थांबवलं नाही.