न फुटलेलं लिंबू

गाडीच्या चाकाखालचं लिंबू फुटलं नाही, याला मी शुभशकुन समजले. माझा मूर्खपणा एवढ्या एका वाक्यात मावतो. बाकी सारं त्याचं शेपूट.

तेव्हा मी साठीची होते, म्हणजे आताच्या मानानं तरणीताठी. सुनेनं तिचा जुना मोबाईल दिला आणि मला त्यात जुन्या वस्तूंच्या जाहिराती सापडल्या. लोक तिथं सोफे बघतात. ती बाई जर्मन गाड्या बघायची. ती बाई म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायला अजून लाज वाटते.

कारण नवऱ्याचं होतं. राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत तो उमेदीत एका साहेबाचा ड्रायव्हर होता आणि साहेबाची गाडी जर्मन. गोल दिवे, लांब नाक, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. निवृत्त झाला तरी झोपेत त्याचा डावा पाय क्लच दाबायचा. तशी एक गाडी त्यानं मालक म्हणून चालवावी, असं मी मनात घेतलं.

थोड्याच महिन्यांत बाई पंडित झाली. 'फक्त खऱ्या ग्राहकांनी फोन करावा' असं लिहिलं असेल, तर समजायचं की बाकीचे गाडी पाहून पळालेत. एकाच बाजूचे फोटो, तर दुसरी बाजू झाडाला भेटून आलेली. ओल्या गाडीचा फोटो म्हणजे रंग गेलेला. पाणी मारलं की जुनं सगळंच चमकतं, मीसुद्धा. एवढं ज्ञान! आणि मुलचेऱ्याच्या एका गाडीच्या फोटोत चाकांभोवती गुडघाभर गवत होतं, तर बाई म्हणाली, "मालकाले झाडापानाची आवड दिसते."

नवऱ्याला घेऊन बाई मुलचेऱ्याला पोचली. मालक मोटारपंप दुरुस्त करणारा मुसलमान गृहस्थ, बोलायला साखर. गाडी कोण्या कंत्राटदारानं त्याच्या शेडात ठेवली होती आणि शेवटी त्यालाच देऊन तो निघून गेला होता. चहा पुढं करत त्यानं आधीच सांगून टाकलं, "बाई, इंजिन मी चालू करून देतो. पन लई पावसाळे झाले, जागची हलली नाई ते. घरी टेम्पोत टाकून न्या."

बाईनं ऐकलं कुठं? तिनं पिशवीतून फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला लागली. गणपती चिकटला नाही की तिथं पत्रा सडलेला, वरून पुट्टी. गणपती सगळीकडे चिकटला. झाली परीक्षा! मग चाकांकडे कोण बघतो? तिनं पैसे मोजले आणि नारळ काढला.

"आधी हलवून तं पाहू," नवरा म्हणाला.

"पूजेआधी गाडी हलवतेत काय कोणी?"

नारळ फुटला. चार चाकांपुढं चार लिंबं ठेवली. नवऱ्यानं गिअर टाकला. गाडी कण्हली, पुढं सरकली. फट, फट, फट. समोरच्या डाव्या चाकाखालचं मात्र फुटलं नाही. चाकानं त्याला धुळीतून पुढं ढकलत नेलं आणि मागं मातीत सरळ रेघ ओढली. मग आतून खट्‌ असा आवाज आला, चाक फिरलं आणि लिंबू बाजूला निसटलं. अख्खं, पिवळंधमक. बाईनं ते उचलून कपाळाला लावलं.

नवरा खिडकीतून म्हणाला, "अवं, ब्रेक चिकटून चाक जाम हाय. फिरलंच नाई, म्हून नाई फुटलं ते."

"तुमाले साऱ्यात खोटच दिसते. देवानं एक राखून ठेवलं!"

मालक खाकरला. "भाऊ, टेम्पो सांगू काय?"

"नारळ फुटला ना भाऊ! घरची लक्ष्मी आता टेम्पोत टाकून नेऊ?"

नारळ फुटल्यावर आमच्याकडे कोणी काही बोलत नाही.  आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचे हातही स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

लिंबू समोर काचेपाशी ठेवून आम्ही चामोर्शीच्या वाटेला लागलो. जंगल आलं. मोहाचे दिवस, सकाळची वेळ. सागाची वाळलेली पानं घोटा बुडेल एवढी पडलेली. मोहाखाली बायांनी झाडून जुनी लुगडी अंथरली होती, वर टपटप फुलं पडत होती. थोड्या वेळानं जळका वास आला.

"कोनीतरी मोहाखालचा पाला जाळून राह्यलं," बाई म्हणाली.

"पाला नाई जळत," नवरा म्हणाला. "लोखंड जळते."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. गाडी डावीकडे ओढत होती आणि तो तिला दोन्ही हातांनी उजवीकडे धरून होता. माझ्या चपलेखालचा गाडीचा पत्रा तापला. मग माझ्याच खिडकीखालून निळा धूर वर आला.

"थांबवा! थांबवा ना!"

"कुठी थांबवू? खाली पाह्य!"

पाहिलं. दोन्हीकडे पानंच पानं, डांबरावरही उडून आलेली, आणि त्यापलीकडे ती लुगडी, त्या वाकलेल्या बाया. थांबलो तर पानं पेटणार, चालत राहिलो तर टायर. त्यानं ब्रेकला पाय लावला नाही. गिअर उतरवत, गाडी बैलासारखी आवरत तो पुढं बघत राहिला. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि समोर ते लिंबू! तोंड मिटलं.

वळणावर रपटा दिसला. कोरडा नाला, त्यावर सिमेंटचा बुटका पूल, पान नाही. गाडी तिथं थांबली आणि चाकात अडकलेला पाला भप्पकन पेटला. मी बाटली घेऊन धावले.

"पानी नोको टाकू! चाक फुटन!" नवरा ओरडला आणि नाल्यात उतरून ओंजळीनं रेती फेकायला लागला. तेवढ्यात वाऱ्यानं एक जळतं पान उचललं आणि काठावर नेऊन टाकलं. काठावर पाला. पाल्यापलीकडे लुगडी. 

बाया धावत आल्या. पळसाच्या हिरव्या डहाळ्या मोडून त्यांनी काठ झोडपायला सुरुवात केली. मी मध्येच उभी.

"वो बाई, बाजूले हो ना!" एका म्हातारीनं मला ढकललंच. जाळ लुगड्यांच्या चार हात अलीकडे विझला. काळ्या पाल्यावर पाय दाबत ती माझ्याकडे वळली. "मोह वेचाचे दिवस हायेत, अन् तुमी चूल घेऊन फिरून राह्यले?"

बाया हसल्या. मला हसू येईना. फुलं तशीच पडत होती आणि त्या पुन्हा वेचायला गेल्या.

चाक निवताना टिक टिक वाजत होतं. नवरा रपट्यावर बसून रेतीनं भरलेले हात झाडत होता.  हा माणूस रागावला असता तर बरं झालं असतं.

"बोला आता काही," मी म्हटलं.

तो उठला, गाडीतून ते लिंबू काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"मोबाईल काढ तुया. जाहिरात लिही: जुनी जर्मन गाडी विकणे हाय. तीन चाकं फिरतेत, चौथं शुभ हाय."