आजोबांच्या फोटोमागचं नाव

आज दुपारी माझी आत्या सगळे फोटो परत घेऊन निघाली होती. काय झालं ते तुम्हाला सांगते.

मी अंबरनाथच्या एका ग्रंथालयात जुन्या फोटोंच्या नोंदी करते. माहिती एक्सेलमध्ये भरायची आणि ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. आज बेलवलीच्या आत्याने दिलेले फोटो चढवायचे होते, म्हणून तिला एकदा बघायला बोलावलं.

आजोबांच्या फोटोपाशी ती थांबली. शीर्षकाच्या रकान्यात मी 'महारवाडा' लिहिलं होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"फोटोच्या मागे स्टुडिओवाल्याने लिहिलंय, आत्या. मूळ मजकूर आपल्याला खोडता येत नाही."

"बाबांनी धम्म घेतला तेव्हाच ते नाव सोडलं. तू एवढी शिकलीस आणि परत चिकटवतेस?"

तिने फोटोंची पिशवी उचलली. तिचं बरोबर होतं, पण खोडलं असतं तर आजोबांनी काय सोडलं तेही पुसलं गेलं असतं. तिला मी तेच सांगितलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "शीर्षक तूच सांग."

पिशवी हातात धरूनच ती स्क्रीनपाशी वाकली.

"लिही. आमची बुद्धवाडी, बाबा आणि शेजारी." मग म्हणाली, "ते दुसरं खाली टाक. पण कोणी लिहिलं तेही टाक. आम्ही नाही लिहिलं."

फोटोमागच्या मजकुरासाठी मी वेगळा रकाना केला आणि तो स्टुडिओवाल्याने लिहिल्याचं त्यात टाकलं. फाइल चढली. पिशवी टेबलावर ठेवून आत्या चहा न घेताच गेली.

तुमच्या घरच्या फोटोमागे असं काही असेल तर तुम्ही काय कराल?