मंजुळाबाईची बंडी

माझ्या नवऱ्याच्या अंगाला लागून दुसरी बाई होती. ती मेलेली होती, म्हणून मला भांडताही येत नव्हतं. जिवंत सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. मेलेल्या बाईचं काय धरणार?

नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण सांगायला बसले आहे तर घेते. त्रिंबक. लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती. साडेचार एकर रान, त्यात ज्वारी आणि हरभरा. माझं माहेर युसूफ वडगाव. तिकडची माणसं वचावचा बोलतात, इथे आले तर हा माणूस बोलायला महाग. चहा पिऊन झाला की बशी पालथी घालतात, म्हणजे आणखी नको. भाजीत मीठ नसलं तर सांगत नाहीत, मी जेवायला बसेन तेव्हा मला कळतं. रानडुकरांचा विषय निघाला की मात्र तोंड उघडतं. कोणती मादी किती पिल्लं घेऊन कुठल्या ओढ्याने उतरते, कोणत्या डुकराचा कान फाटलेला आहे, सगळं पाठ. माझा वाढदिवस विचारा, नाही सांगता येणार.

ह्यांच्या वडिलांच्या काळात लोक कुत्री घेऊन डुकराच्या शिकारीला जायचे. आता परवानगीशिवाय मारता येत नाही, नुसतं हुसकायचं. पण डुकरामागे पळणं तेच आणि पौषातली थंडीही तीच. ज्वारी हुरड्यात आली की हे रानात बांधलेल्या उंच माळ्यावर राखणीला बसतात. डुकरं उतरली की डबा बडवत चढावर पळायचं, अंग घामाने भिजतं. मग परत येऊन गप्प बसायचं. तो घाम गार पडला की हाडं वाजायला लागतात. म्हणून राखणीच्या माणसाचं खरं कापड म्हणजे अंगाला लागून असतं ते. वरून काय, पोतं पांघरलं तरी चालतं.

ह्यांच्या अंगाला लागून होती मंजुळाबाईची बंडी.

मंजुळाबाई म्हणजे ह्यांची पहिली बायको. पोटाच्या दुखण्याने गेली, एवढंच मला सांगितलं होतं. मूलबाळ तिला नव्हतं, मलाही झालं नाही, तेवढी आमची बरोबरी. रानात मेंढ्या बसवायला धनगर यायचे, त्यांच्याकडून तिने काळी लोकर घेतली, धनगरणीकडून कातून घेतली आणि शिवणवर्गात शिकलेल्या दोन सुयांवर ही बंडी विणली. बाह्या नाहीत, गळा वाकडा. गळा वाकडा आहे हे मी मुद्दाम सांगते आहे. नुसता हात फिरवला तरी टोचते. हे मात्र ती उघड्या अंगावर घालायचे, मध्ये बनियनसुद्धा नाही. दिवाळी झाली की पेटीतून काढायचे आणि माझ्यापुढे ठेवायचे, कारण तिला पडलेली भोकं मीच रफू करायची. सवतीचं विणकाम सांभाळायला मी आणलेली.

बरं, माझ्याही गळ्यात तीच. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईचा आकार ठोकलेला. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी मंगळसूत्राच्या आधी तो घातला. घरात कापड नवं आलं की आधी त्या टाकाला लावायचं आणि मनात म्हणायचं, तुझं आधी, मग माझं. नाहीतर ती त्रास देते म्हणतात. अकरा वर्षं माझी प्रत्येक साडी आधी ती नेसली आणि मग मी.

माझ्याजवळ मिरवायला एकच गोष्ट होती. मी फोन केला की हे पहिल्या घंटीला उचलतात. रानात असोत, विहिरीत उतरलेले असोत, एसटीत दाराशी लोंबकळत असोत. वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, आमच्या माणसाला दहादा फोन केला तरी चौथ्या दिवशी विचारतो, काय काम होतं. मी त्यांच्यासमोर मुद्दाम फोन लावायची. काही काम नसायचं. "मीठ संपलंय," म्हणायची. "आणतो," म्हणायचे. मीठ घरात डब्याच्या गळ्यापर्यंत असायचं. पण बायांची तोंडं बघायला मजा यायची. वाटायचं, घ्या मंजुळाबाई, बंडी तुमची असेल, कान माझा आहे.

मागच्या पौषात मी ठरवलं, आता ती बंडी अंगावरून उतरवायचीच. नेकनूरच्या बाजारात एकाने थर्मल लटकवल्या होत्या. मी सहज हात लावला तर तो सुरूच झाला. "काकू, लोकर इसरा आता. ही घाम वडून घेती, वाळायला तास लागत न्हाई, अंगाला टोचत न्हाई. बर्फातली माणसं हेच घालत्यात." टोचत नाही, एवढंच मी ऐकलं. भावसुद्धा केला नाही. परतताना पिशवी मांडीवर होती. सवयीने हात गळ्यातल्या टाकाकडे गेला, नवं कापड त्याला लावायला. आणि मी हात मागे घेतला. हे तिला दाखवायचंच नाही. हे माझं आधी आणि माझंच शेवटी.

घरी आल्यावर ह्यांच्यासमोर ठेवली. उलटीपालटी करून बघितली. "बरं हाय," म्हणाले, खुंटीला अडकवली, आणि संध्याकाळी बंडी घालून राखणीला गेले.

दुसऱ्या दिवशी मी बंडी बादलीत बुडवली. लोकर पाणी पिते की खाते, कळत नाही. बाहेर काढली तर दोन्ही हातांनी उचलेना. पौषातलं ऊन असतं केवढं? चांगले तीन दिवस वाळणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"धुतली कावून?" ह्यांनी विचारलं.

"वास येत होता."

"लोकरीला वास येत न्हाई," एवढंच बोलले आणि खुंटीवरची थर्मल घातली.

सकाळी आले ते बरे दिसत होते. "हलकं हाय," म्हणाले. "घाम लवकर वाळला." मी त्या दिवशी भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला. दुसऱ्या दिवशी थर्मलला बोकडासारखा वास सुटला, पण मी नाक मुरडलं नाही. तारेवर बंडी ठिबकत होती, तिच्याकडे बघून मी अंगण झाडलं. गाणंसुद्धा म्हटलं असेन.

तिसऱ्या सकाळी कचरूभाऊ ह्यांना दंडाला धरून घेऊन आले. कचरूभाऊंचं रान आमच्या बांधाला लागून, राखणीला दोघं शेजारच्या माळ्यांवर असतात आणि पहाटे एका शेकोटीवर शेकतात. शेकोटीत तुरीच्या वाळल्या तुराट्या होत्या. तुराटी तडकते हे लहान पोरालाही माहीत आहे. ठिणगी उडाली ती शर्टाच्या उघड्या गुंडीतून आत गेली. डाव्या बाजूला छातीवर तळहाताएवढी थर्मल वितळून कातडीला चिकटली होती.

"वहिनी, ह्यो कपडा जळत न्हाई, वितळतो," कचरूभाऊ म्हणाले. "दुधाच्या पिशवीवानी. लोकरीवर ठिणगी पडली तर करपती आन् तितंच इझती. आमच्या पोरानं, जीवननं, फौजेतून आणलीती असलीच. मी त्याला म्हणलो, शेकोटीपशी ही कामाची न्हाई. ह्यालाबी इचारलं, बंडी कुटं हाय बे? तर म्हणला, बायनानं आणलंय, तिला बरं वाटंल."

तिला बरं वाटेल. बायना म्हणजे मी. ते ऐकून मला खरंच बरं वाटलं. नवरा समोर होरपळलेला आणि मला बरं वाटलं, असली मी बाई.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने ते कापड सोलून काढलं. हे हूं की चूं करत नव्हते. बाहेर बाकावर बसून मीच रडले. टाक मुठीत धरून म्हटलं, नवं कापड तुला दाखवलं नाही म्हणून तुझा राग माझ्यावर, तर मला भाज. त्यांनी काय केलं? आणि तुला ते एवढे प्यारे असतील तर ठिणगी अडवायची होतीस. मेलीस तरी नुसती बघत बसलीस.

आठ दिवसांनी पट्टी लहान झाली. ज्वारी अजून उभी होती, हे राखणीला जाणारच. बंडी वाळून कडक झाली होती, पण ती टोचरी लोकर त्या ओल्या जखमेवर कशी घालणार? दुपारी बसल्या बसल्या मला सुचलं. माझी लग्नातली साडी काढली, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. तिचं कापड कापून बंडीला आतून पूर्ण अस्तर लावलं. टाके बारीक घातले. घालायची असेल तर घाला तुमची बंडी, पण आता तिच्या आणि तुमच्या मध्ये मी. मंजुळाबाई राहू दे बाहेरून थंडी खात. माझ्यावर मीच खूश झाले.

हे अंगणात बसले होते. मी बंडी त्यांच्या मांडीवर टाकली. त्यांनी आत हात घातला, अस्तरावरून बोटं फिरवली.

"मऊ झाली," म्हणाले.

"मग? जखमेला लागायला नको."

"उसव बायना ते."

माझं डोकंच फिरलं. "कावून? माझं एवढंबी नको तुमच्या अंगाला? मेलेली चालती, जिती चालत न्हाई?"

मला वाटलं, नेहमीसारखे उठून जातील. उठले नाहीत.

"झोप लागंल," म्हणाले.

"लागू द्या की."

"ती गेली तवा मी माळ्यावर झोपलो व्हतो." ते बंडीकडे बघून बोलत होते. "त्याच थंडीत इणलीती तिनं. टोचती म्हणून मी काढली, घडी केली आन् उशाला घेतली. लई छान झोप लागली. उजाडल्यावर फोन बघितला तर तिचे सहा मिसकॉल. पोटात दुखायला लागलं व्हतं. आई गावाला गेलती. मी घरी पोचलो तवर तिला बोलता येत नव्हतं." मग म्हणाले, "तवापासून उघड्या अंगावर घालतो. टोचली की जागा ऱ्हातो."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. अकरा वर्षं मी समजत होते की ह्या माणसाला तिची ऊब हवी आहे. त्याला ऊब नको होती. काटा हवा होता. आणि तो काटा दर दिवाळीला मी रफू करून धारदार ठेवत होते. मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तेवढ्यात दुसरीच गोष्ट डोक्यात आली.

"मंजे माझा फोन पहिल्या घंटीला उचलता ते..."

"हां," म्हणाले.

म्हणजे तेही तिचंच. वस्तीवरच्या बायांसमोर मी जे मिरवत होते ते माझं नव्हतंच. तिने सहा वेळा केलेला आणि ह्यांनी न उचललेला फोन हे अकरा वर्षं उचलत होते, फक्त पलीकडून मी मीठ मागत होते. साडी तिची उष्टी, बंडी तिची, आणि आता फोनसुद्धा. इतका हेवा मला तिचा कधी वाटला नव्हता. मेली काय, सगळं घर घेऊन बसली.

"मग माझं काय हाय?" मी विचारलं. सरळ विचारलं. आता लाजायला काय उरलं होतं?

ह्यांनी शर्टाची गुंडी काढली आणि पट्टीवर बोट ठेवलं. "ह्ये हाय की," म्हणाले. "तिचं नुसतं टोचतं. तुजं तर चिकटूनच बसलं." आणि हसले. अकरा वर्षांत मी त्यांना माझ्यासमोर असं हसताना दोनदा पाहिलं असेल.

मला हसू येत होतं आणि त्यांना मारावंसंही वाटत होतं. मी बंडी ओढून घेतली, आत गेले आणि अस्तर उसवायला बसले. टाके बारीक घातले होते, त्याची शिक्षा मलाच. पाठ उसवली, उजवी बाजू उसवली. डाव्या बाजूला, जिथे जखम येते तिथे, तळहाताएवढा तुकडा ठेवला आणि त्याच्या कडा दुहेरी टाक्याने पक्क्या केल्या. बाकीची टोचू दे. तो तुकडा माझ्या गळ्यातल्या टाकाला लावला नाही. साडी ती आधी नेसली असेल, पण तुकडा म्हणून तो नवा आहे, आणि तो माझा आहे.

दिवस मावळायच्या आत हे बंडी घालून, वरून शर्ट घालून राखणीला गेले. ते माळ्यावर चढले असतील एवढा वेळ जाऊ दिला आणि मी फोन लावला. जवळ एकही बाई नव्हती, कुणाला दाखवायचं नव्हतं. पहिली घंटी पुरी झाली नव्हती.

"बायना?"

मी मीठ मागितलं नाही. काय बोलावं ते कळेना, म्हणून गप्प राहिले. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बायना, काय झालं? दुखतंय का काय कुटं?" त्यांचा आवाज बदलला होता. माळ्याच्या फळ्या करकरल्या, ते खाली उतरायला लागले होते.

"न्हाई, न्हाई. काही दुखत नाही," मी म्हटलं. "बसा तिथंच. जखमेला टोचतंय का ते विचारायचं होतं."

"तितं न्हाई टोचत," म्हणाले.

मला एवढं पुरलं असं मी म्हणणार नाही. पुरलं नाही. पण फोन मी लवकर ठेवला नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.