बिराप्पाची घट्ट पट्टी

रात्री मेंढरं कोंडलेलं वाघरीचं जाळं सोडण्याआधी बिराप्पा रोज सकाळी एकेका मेंढराच्या पायावरून हात फिरवायचा. खुरापासून वर, डोळे मिटून. मोडलेलं हाड लागलं की बांबूच्या चार कामट्या आणि फडकं. महिन्याभरात जनावर कळपात चालू लागायचं. पट्टी मात्र घट्ट. सैल पट्टी म्हणजे वाकडा पाय, एवढंच त्याचं शास्त्र.

त्या सकाळी त्याने एका बांड्या कोकराचा पाय बांधला. तेवढ्यात कळप बांध ओलांडून शेजारच्या नाथाजीच्या खोडव्यात शिरला. नाथाजी पहार घेऊनच आला.

"बापाचा ऊस हाय व्हय रं?"

"वळवतो दादा, चुकलं."

पहिला घाव एका मेंढीच्या कपाळावर बसला. ती जागीच दुमडली. दुसरीला वाचवायला बिराप्पा आडवा झाला आणि पहार त्याच्या नडगीवर आली. चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, तानुबाईला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मग पोटरीवर एक, आणखी एक, आणखी एक. नाथाजी थांबला तो दमला म्हणून.

"आवं, दवाखान्यात चला," तानुबाई रडत म्हणाली.

"हजार पाय बांधलं मी. माझाच बांधू नगं?"

त्याने पटका फाडला, कामट्या लावल्या आणि टोकं बायकोच्या हातात दिली. "वढ. लाथ लावून वढ." तिने ओढलं.

दुखणं उतरायला हवं होतं, ते चढतच गेलं. दुपारी तिने त्याच्या पायाचा नुसता अंगठा हलवला तर तो गुरासारखा ओरडला. पोटरी दगड झाली होती.

"सोडते जरा."

"हात लावशील तर काठी घालीन! हाड सरकंल."

घोंगडं दातात धरून त्याने दुपार काढली. दिवस कलला तेव्हा तो हसला. "बघ, दुखायचं थांबलं. बसली पट्टी."

तानुबाईने गुपचूप त्याच्या अंगठ्यात बाभळीचा काटा टोचला. त्याला कळलंच नाही. ती धावत रस्त्यावर गेली आणि येणाऱ्या टेम्पोला आडवी झाली.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी फडकं कापलं. पाय काळानिळा, गार. लघवी चहासारखी काळपट.

"मारानं मांस आतून सुजतं. त्याच्यावरचं आवरण ताणलं जात नाही, आणि त्यावर ही पट्टी. रक्त फिरणार कसं? दुपारी आला असता तर आवरण चिरून पाय वाचवता आला असता. आता मांस मेलंय, त्याचं विष मूत्रपिंडात चाललंय. पाय काढावा लागेल."

तानुबाईने आपले तळवे पाहिले. फडक्याचे वळ अजून होते.

बिराप्पा ऐकत होता. पाय काढला, तरी तो शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

ऑपरेशनसाठी आत नेताना मात्र त्याने स्ट्रेचर थांबवायला लावलं होतं. तानुबाई वाकली. तिला वाटलं, आता हा आपल्याला बोल लावणार.

"तानू," तो म्हणाला, "त्या बांड्या कोकराची पट्टी जरा सैल कर."