मौलाचाचांचे थांबलेले हात

इथं सुरतेत दाढी झाल्यावर न्हाव्यानं सवयीनं मान मोडायला हनुवटीला हात लावला आणि मी ओरडतच खुर्चीतून उठलो. त्याच्या तळहाताला तिळाच्या तेलाचा वास होता.

तोच वास रेणापूरजवळच्या आमच्या गावात, मौलाचाचांच्या ओसरीवर असायचा. शाळा सोडून मी तेव्हा ट्रॅक्टरवर कामाला जात होतो. एकदा सोयाबीनच्या पोत्यांवरून डोक्यावर पडलो, पण उठून चालत घरी आलो. मान तेवढी अवघडली होती. आमच्याकडं असली मान चाचाच एका झटक्यात बसवायचे, म्हणून वडील, आमचे बापू, मला तिकडं घेऊन गेले.

"लई उड्या मारायलास का रे?" चाचा हसले. त्यांची बोटं एकेक मणका चाचपत खाली आली आणि एका जागी थांबली. बोटाखाली काहीतरी सरकलं, ते मलाही कळलं. डोकं माझं नाही, कुणीतरी आणून माझ्यावर ठेवलंय, असं वाटलं.

"द्या की झटका, चाचा," बापू म्हणाले.

"न्हाई. बेटा, हलू नको. बोलू बी नको."

मानेला दोन्हीकडून टॉवेल गुंडाळून, बिजागरीतून काढलेल्या दारावर निजवून मला लातूरला नेलं. पहिल्या एक्स-रे फोटोत काहीच दिसलं नाही. चाचांचं बोट कुठं थांबलं ते बापूंनी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मणका जागचा सुटला होता. झटका दिला असता तर पोरगं तिथंच गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी टॉवेल गुंडाळताना चाचांचे हात थरथरत होते. म्हातारपणानं असेल, असं मला वाटलं होतं. पण माझ्या मानेला लागेपर्यंत ते अगदी स्थिर होते.